रागावला माणूस झोपत नाई

गाडीनं गाव सोडलं की आमची गयाआत्या ड्रायव्हरशी भांडण उकरून काढते. गावात असेपर्यंत ती काही बोलत नाही. गावातल्या रस्त्याला खड्डे असतात आणि खड्ड्यांत कोणाला झोप लागत नाही, असं तिचं म्हणणं. पण एकदा गुळगुळीत डांबर लागलं की ती पदर खोचते, समोरच्या काचेकडे न बघता ड्रायव्हरकडे तोंड करून बसते आणि विचारते, "कोन्या गावचा हायेस रे बाबू?"

बिचारा गाव सांगतो. नेर म्हणाला, तर आत्या म्हणते, "नेरचे लोक पावण्याले चहा घेता का म्हनून नाई इचारत, निघता का म्हनून इचारतात." दारव्हा म्हणाला, तर तिथल्या वांग्यांना नावं ठेवते. आर्णीचा असला तर थेट त्याच्या सासरवाडीवर घसरते. थोड्याच वेळात ड्रायव्हरचे कान लाल होतात, तो स्टिअरिंगवर हात आपटून आपल्या गावाची बाजू मांडायला लागतो, आणि आत्या समाधानानं मागे वळून आम्हाला सांगते, "जागा झाला. आता तुमी झोपा."

"रागावला माणूस झोपत नाई" हे तिचं ब्रह्मवाक्य.

गयाआत्या माझी सख्खी आत्या नाही. बाभुळगावात आमच्या दुकानामागच्या गल्लीत राहते म्हणून आत्या. साठी ओलांडलेली, अंगानं काडी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. घरात एकटीच. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभरात माझं बोलणं म्हणजे "एक बाजू की दोन्ही?" एवढंच. आत्या दुकानात येऊन बसली की माझ्या वाटचंही तीच बोलते आणि मला ते सोयीचं पडतं. गंमत अशी की गाडीच्या बाहेर ती कोणाशीच भांडत नाही. दुधात पाणी निघालं तर, "बाप्पा, म्हशीले तहान लागली असंन," म्हणून सोडून देते. सगळं भांडण ती चार चाकांसाठी राखून ठेवते.

झोप घालवायचे बाकीचे उपाय तिला मुळीच मान्य नाहीत. कोणी ड्रायव्हरला चिंच दिली तर म्हणते, "तोंड आंबट होते, डोळे मिटाचे ते मिटतेच." गाणी लावली तर, "गान्यानं त लहान लेकरं झोपवतात." काच खाली करून वारा घे म्हटलं तर, "वारा लागला का अजून गोड झोप लागते." आणि पुढच्या सीटवर बसून घोरणाऱ्या माणसाइतका तिचा राग दुसऱ्या कोणावर नाही. एकानं पेंगायला सुरुवात केली की शेजारच्याच्या पापण्या जड होतात, हे तिचं निरीक्षण, आणि ते खरंही आहे.

यातूनच पुसदच्या लग्नात मोठा घोटाळा झाला. आमच्याकडे पुढची सीट ही मानाची. नवरदेवाच्या मामाला ती द्यायची ठरलेली होती. मामा फेटाबिटा बांधून, चार जिलब्या जास्तीच्या खाऊन गाडीजवळ आले, तर सीटवर गयाआत्या. त्यांनी घसा खाकरला. आत्या म्हणाली, "मामासाहेब, तुमचे डोळे आत्ताच अर्धे हायेत. तुमी मांगं बसा." मामा रुसले. इतके रुसले की बँडवाल्यांच्या टेम्पोत, ढोलांच्या मध्ये बसून परत आले. त्या घरी आजही आत्याचं नाव काढलं की दार लावून घेतात.

दुसरा तिचा ताप म्हणजे ड्रायव्हरचं ताट. दारात आलेल्या गाडीचा ड्रायव्हर अर्धपोटी गेला तर आपल्याकडे घराची अब्रू जाते. म्हणून त्याला सगळ्यांच्या आधी बसवतात आणि सगळ्यांपेक्षा जास्त वाढतात. आत्या त्या ताटाशेजारी उभी. "पुरे! वाढू नोका. याले गाडी चालवाची हाय, कुस्ती नाई खेळाची." एकदा एका म्हाताऱ्यानं वैतागून विचारलं, "बाई, तुमी ड्रायव्हरच्या कोन?" आत्या म्हणाली, "मी त्याच्या पापनीची राखनदार."

ड्रायव्हर लोक तिला वचकून असतात. एकानं तर भांडणाला कंटाळून तिला अर्ध्या वाटेत, एका फाट्यावर उतरवून दिलं. आत्या मैलाच्या दगडावर बसून राहिली. काही वेळानं तीच गाडी उलटी आली. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "बसा आत्या. गाडी मुकी वाटून राह्यली." आत्या बसली आणि भांडण जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू केलं.

हे सगळं हसण्यावारी नेलं तरी त्याचं मूळ गावाला ठाऊक होतं. तिचे यजमान नारायणकाका काळी-पिवळी चालवायचे. बाभुळगाव ते यवतमाळ सवाऱ्या नेणारी जीप. एका उन्हाळ्यात भर दुपारी, सवाऱ्या सोडून परत येताना, त्यांचा डोळा लागला आणि जीप रस्ता सोडून बाभळीवर गेली. काका गेले. शेजारी बसलेली आत्या वाचली. तेव्हापासून हे भांडण. आम्हाला वाटायचं, यात कळण्यासारखं जे काही आहे ते आपल्याला कळलेलं आहे.

आता माझं सांगतो. मी मूळचाच भित्रा. मागच्या सीटवर बसून मीच गाडी चालवत असतो. पायाखाली ब्रेक नसतो तरी दाबतो. समोरून ट्रक आला की श्वास धरतो, गेला की सोडतो. आत्याच्या भांडणाची मला लाज वाटायची, पण ती गप्प असली की त्याहून जास्त भीती वाटायची.

मागच्या मे महिन्यात माझ्या लेकीला, पल्लवीला, सातवा महिना लागला. सासरी, मुकुटबनला, तिचं डोहाळजेवण होतं आणि ते आटोपून तिला पहिल्या बाळंतपणाला बाभुळगावला आणायचं होतं. एवढा लांबचा रस्ता, वर ऊन, गाडीत सात महिन्यांची गरोदर पोर. ती आणि तिच्या पोटातलं लेकरू सुखरूप घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव येणार नव्हता. म्हणून मीच आत्याला म्हणालो, "तू चल."

गाडी शकीलची. म्हणजे मालक दुसरा, चालवणारा शकील. यवतमाळच्या मेकॅनिक घरातला, भावाचं गॅरेज आहे. हात साफ, डोकं थंड, माझ्या ओळखीतला सगळ्यात भरवशाचा माणूस. सकाळी आत्यानं नेहमीप्रमाणे चौकशी केली, "रातीले कोठी होता?"

"घरीच होतो ना आत्या. मस्त झोपलो."

जाताना सगळं ठीक झालं. आत्यानं त्याच्या भावाच्या गॅरेजला नावं ठेवली, शकीलनं झेरॉक्सवाल्यांना नावं ठेवली, मीही दोन शब्द बोललो. फक्त त्याला शिंका येत होत्या. माझी बायको मंदा म्हणजे घरचा दवाखाना. तिच्या पर्समध्ये हर रोगाची गोळी. मुकुटबनला उतरल्यावर तिनं मायेनं त्याला सर्दीची गोळी दिली. "घे रे, बरं वाटते."

जेवणाच्या वेळी आत्या शकीलच्या ताटाशी उभी राहायला निघाली होती. पण विहीणबाईंनी तिचा हात धरला. "आत्या, तुमी बी आत या. ओटी तुमच्या हातानं भरा." नवरा नसलेल्या बाईला ओटी भरायला कोणी बोलवत नाही, हे आपल्याला माहीत आहे. आत्यानं पदर सावरला. मग डोळे पुसत आत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपली चौकी सोडली.

बाहेर व्याह्यांनी शकीलला पाटावर बसवलं. आंब्याचा रस, पोळ्या, वरून तूप. "घ्या ना शकीलभाई, आमचा आग्रह मोडता काय?" वाटी रिकामी झाली की भरत होते. मी समोरच होतो. नको म्हणावं असं वाटत होतं, पण दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच्या वाढण्याला नको कसं म्हणायचं?

निघताना विहीणबाईंनी आत्याकडून वचन घेतलं. "तुमचा भांडनाचा लौकिक ऐकून हावो आमी. पन आज नोको. वाटेनं पोरीले झोपू द्या. पोटातलं लेकरू समदं ऐकत असते." आत्यानं पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बोलनार नाई."

तर असे निघालो. काचा बंद, आत गार हवा, बाहेर पांढरं ऊन. पल्लवी मंदाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, मंदाही झोपली. आत्या पुढं पदराचा बोळा तोंडाला लावून बसलेली. गाडीत इंजिनाची एकसुरी घरघर तेवढी. आता विचार केला की कळतं, आम्ही सगळ्यांनी मिळून, एकेकानं एकेक माया करून, त्या माणसाला झोपवत आणलं होतं.

पांढरकवडा मागे पडला आणि मला दिसायला लागलं. शकील मान चोळत होता. मग त्यानं स्वतःच्या गालावर एक चापट मारली. जांभई दिली, लगेच दुसरी. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. पापणी मिटायची आणि उघडायला वेळ लावायची. गाडीचा वेग कमी व्हायचा आणि मग एकदम वाढायचा. एका गावात गतिरोधक आला, तो त्याला दिसलाच नाही. पल्लवी झोपेत कण्हली. माझा हात तिच्या पोटासमोर आडवा गेला, जणू मी तेवढ्यानं काही थांबवणार होतो.

"शकील, ठीक ना?"

बराच वेळ उत्तर नाही. मग, "हाव भाऊ."

मी गाडी थांबव म्हणायला हवं होतं. पण ड्रायव्हरला तोंडावर 'तुला झोप येते' कसं म्हणायचं? जीव गेला तरी चालेल, समोरच्याचा अपमान नको, असा आपला संकोच. मी सीटच्या कडेला घट्ट धरून, पायाखाली नसलेला ब्रेक दाबत बसलो होतो.

तेवढ्यात डावीकडची चाकं डांबर सोडून खडीवर गेली. खडखड झाली, शकील दचकला, गाडी रस्त्यावर आली. आत्यानं तोंडातला पदर काढला.

"काय रे, यवतमाळचे मेकॅनिक बोल्ट कसत नाईत म्हने. चाक निंगून जाते."

"हाव आत्या," शकील म्हणाला.

"तुह्या भावाले त पाना कोन्या हातात धराचा तेही समजत नाई."

"हाव आत्या."

आत्यानं आवाज चढवला. "तुह्या मायच्या बिर्यानीत मीठ नसते, अख्खं यवतमाळ सांगते!"

आईच्या बिर्याणीवर कोणी बोललं तर शकील गाडी उभी करून भांडेल, असा माणूस आहे. तो हळूच, गोड हसून म्हणाला, "बरोबर हाय आत्या."

आत्या मागे वळली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "भाऊ," ती मला म्हणाली, "हा भांडून नाई राह्यला."

मग शकीलच्या खांद्यावर हात ठेवून, मी कधीच ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात ती म्हणाली, "बेटा, गाडी बाजूले घे."

"पोचलोच आता आत्या. थोडंच राह्यलं."

"घे रे माह्या राजा."

पुढं एका निंबाखाली चहाची टपरी होती, बाहेर दोन बाजा टाकलेल्या. शकीलनं गाडी तिथं लावली. आत्यानं किल्ली काढून पदराच्या टोकाला गाठ मारून टाकली. शकील खाली उतरला आणि त्याला नीट उभंही राहता येईना. तेव्हा तो बोलला. रात्री पुसदकडची वरात होती, पहाटे परत आला, आंघोळ केली आणि आमच्याकडे निघाला. "सीजन हाय, भाऊ. मालकाले नाई म्हनता येत नाई. तुमाले सांगतलं असतं त तुमी घाबरले असते."

मी म्हटलं, "तोंडावर पाणी मारू, कडक चहा पाजू."

"चहानं घडीभर डोळे उघडतीन," आत्या म्हणाली. "मंग पुन्हा तेच. झोपेले झोपच लागते, भाऊ."

"मग तुझं इतक्या वर्षांचं भांडण?"

"ते जागा असन त्याच्यासाठी. हा त गेलता."

शकील बाजेवर आडवा झाला आणि डोकं टेकायच्या आत झोपला. मंदा पल्लवीला टपरीच्या सावलीत खुर्चीवर घेऊन बसली, तिला पाणी दिलं. बाळ हलतंय, असं पल्लवीनं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. आत्या बाजेजवळ दगडावर बसून, टपरीवरचा जुना पेपर घेऊन शकीलला वारा घालत होती. टपरीवाल्याचं गाणं तिनं बंद करायला लावलं. विहीणबाईंचा फोन आला, तर मला हातानंच लांब पिटाळलं. जी बाई गाडीत कोणाला शांतता लाभू देत नाही, ती माशीलाही आवाज करू देत नव्हती.

मी फोन संपवून तिच्याजवळ येऊन बसलो. काही वेळानं ती, माझ्याकडे न बघता, बोलायला लागली.

"त्या दिसी आमचा अबोला होता, भाऊ. माहेरी जातो म्हनलं मी, ते नाई म्हनले. मंग म्या तोंड शिवलं. बारीकसारीक गोठ. जीपमंदी बाजूले बसली, पन बोलली नाई. ते म्हनले, गया, बोल ना वं काई, झोप येऊन राह्यली मले. मले वाटलं, हा अबोला मोडाचा बहाना हाय. म्या खिडकीतून बाहीर पाह्यत बसली. अजून म्हनले, बोल ना. म्या नाई." पेपर हलत होता. "मंग हसले. म्हनले, बरं, बोलू नोको, भांड तरी माह्याशी."

तिनं पेपर दुसऱ्या हातात घेतला.

"म्या मनात म्हनलं, येऊ दे अजून काकुळतीले."

मला तिचा हात धरावासा वाटत होता, पण तिचा हात वारा घालण्यात गुंतला होता. इतकी वर्षं आम्ही सगळे तिला हसलो होतो, तिची नक्कल केली होती. ती मात्र दर प्रवासात, दर ड्रायव्हरशेजारी बसून, त्या एका माणसाचं म्हणणं ऐकत होती. आणि घरी आल्यावर तिच्याशी भांडायला कोणी नव्हतं.

शकील आपणहून उठला तेव्हा ऊन कललं होतं. त्यानं तोंड धुतलं, ओशाळून हसला, आणि पहिली गोष्ट म्हणाला, "आत्या, माह्या मायच्या बिर्यानीबद्दल काय बोलून राह्यलते तुमी?"

आत्याच्या जिवात जीव आला. तिनं पदराची गाठ सोडून किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मी मागचं दार उघडलं, तर ती मला बाजूला सारून स्वतःच मागे, पल्लवीशेजारी जाऊन बसली.

"पुढं तू बस, भाऊ. आता तू बोल याच्यासंगं. मले डोळा लागून राह्यला."

मी पुढं बसलो. यवतमाळच्या अलीकडे मी मागे वळून पाहिलं, तर आत्या पल्लवीच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं. मंदा हळूच म्हणाली, गाडीत हिला झोपलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही.

मी बोलत राहिलो. मला येत नव्हतं तरी बोललो. पावसाळ्यात झेरॉक्सचा कागद ओला होऊन मशिनीत कसा अडकतो, इथपासून सुरुवात केली. पल्लवीला लहानपणी गोवर निघाला होता तेव्हा मी दुकानात बसून रडलो होतो, हे मंदालाही माहीत नसलेलं सांगून बसलो. बाळंतपणाची मला किती भीती वाटते, तेही सांगितलं. शकील प्रत्येक गोष्टीला काहीतरी विचारत होता आणि मी काही विचारलं तर त्याचं उत्तर लगेच येत होतं, उशिरा नाही. यवतमाळ आलं, गेलं. मी थांबलो नाही.

बाभुळगावात घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा अजून उजेड होता. मंदानं उतरून दुसऱ्या बाजूनं पल्लवीला हात दिला. पल्लवीनं आत्याचं डोकं हळूच सीटवर टेकवलं आणि जपून खाली पाय ठेवला. ती आपल्या पायांनी अंगणात चालत गेली ते मी डोळे भरून पाहिलं. मग आत्याला उठवायला मी हात पुढं केला.

शकीलनं माझा हात धरला. इंजिन बंद करून, चारही काचा खाली करून तो तिच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

"झोपू द्या, भाऊ," तो म्हणाला. "मले काई घाई नाई."